ॲसिटोन सोडलं, त्याच्या नोंदी

पाच-सहा वर्षं मी नेलपेंट काढायला ॲसिटोनचाच रिमूव्हर वापरत आले. कापूस भिजवला, दोनदा फिरवला, नख साफ. गेल्या काही महिन्यांत मात्र नखांची टोकं पत्र्यावरच्या जुन्या रंगासारखी पापुद्रे धरायला लागली, कपड्याचा धागा त्यात अडकायला लागला, आणि बाटली उघडली की शेजारच्या खोलीतून आईचा खोकला ऐकू यायला लागला. म्हणून आता ॲसिटोनविरहित. धाकट्या बहिणीलाही हेच करायचंय. ती म्हणाली, "ताई, तू आधी कर, कुठे चुकतं ते लिहून ठेव, मग मी करते." हुशार आहे. वेळ फोनच्या स्टॉपवॉचवर मोजली आहे. रिमूव्हर स्टीलच्या ५ मिलीच्या चमच्याने मोजला आहे, पण सुरुवातीला नाही. ती फजिती पुढे येईलच.

१ जून

नखांवर दहा दिवसांपूर्वीचं गडद लाल नेलपेंट. खाली बेस कोट नाही, रंगाचे दोन हात, वर टॉप कोट. रिमूव्हरची नवी बाटली, १०० मिलीची.

सवयीप्रमाणे कापसाचा मोठा बोळा भिजवला आणि घासायला लागले. रंग नखावरून निघत होता आणि बोटावर बसत होता. बोळा बदलला, पुन्हा तेच. तिसऱ्या बोटापर्यंत माझा संयम संपला आणि मी जोर लावायला सुरुवात केली. हीच मोठी चूक, पण ती कळायला दोन दिवस गेले.

हिशोब: दहा बोटांना ४१ मिनिटं, २३ बोळे, बाटलीचा जवळजवळ तिसरा हिस्सा. तरी नखांच्या कोपऱ्यांत लाल रेघा राहिल्याच. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी कातडी सोलवटून चुरचुरायला लागली. आई बघून म्हणाली, "अगं, नखं रंगवली होतीस की हात?"

ॲसिटोनची जुनी बाटली कपाटात होतीच. हात तिकडे गेलाही. आईच्या खोलीचं दार उघडं होतं म्हणून परत फिरले.

३ जून

आज रिमूव्हर हातात न घेता लेबल वाचलं. पुढे मोठ्या अक्षरांत ‘ॲसिटोन-फ्री’, मागे बारीक अक्षरांत एथिल ॲसिटेट, अल्कोहोल, पाणी, ग्लिसरीन, पॅन्थेनॉल, सुगंध. मग नेलपेंटच्या बाटलीचं लेबल वाचलं. ब्युटिल ॲसिटेट, एथिल ॲसिटेट, नायट्रोसेल्युलोज. म्हणजे रिमूव्हरमधलं मुख्य द्रावक (विरघळवणारा पदार्थ), एथिल ॲसिटेट, नेलपेंटमध्येही आहे! नेलपेंट वाळतं म्हणजे त्यातला एथिल आणि ब्युटिल ॲसिटेट उडून जातो आणि नायट्रोसेल्युलोजचा पापुद्रा मागे राहतो. रिमूव्हर तोच पापुद्रा पुन्हा पातळ करतो. त्यात घासण्याचं काही कामच नाही. पातळ होईपर्यंत थांबायचं आणि झालं की उचलायचं.

ॲसिटोन हे इतक्या झपाट्याने करतं की थांबल्याचं लक्षातही येत नाही. इथे द्रावक मुळात जरा मवाळ, त्यात पाणी आणि ग्लिसरीन घातलेलं. माझी पाच वर्षांची सवय ॲसिटोनच्या चालीची होती, तीच इथे नडली.

डाव्या हाताच्या पाचही बोटांना तेच लाल नेलपेंट दोन हात लावून ठेवलं. परवा मोजायचं.

५ जून

एकाच हातावर पाच वेगवेगळ्या वेळा. प्रत्येक नखावर भिजलेला कापूस न हलवता ठेवला आणि मग नखाच्या मुळाकडून टोकाकडे एकदाच ओढला.

करंगळी, १० सेकंद: वरचा तुकतुकीतपणा गेला, रंग फासला गेला. १ जूनला मी दहाही बोटांवर जे केलं ते हेच.

अनामिका, २० सेकंद: थोडं बरं, तरी फासलंच.

मधलं बोट, ४० सेकंद: बराचसा रंग कापसावर आला, कडा राहिल्या.

तर्जनी, ६० सेकंद: एका ओढीत नख जवळजवळ स्वच्छ. मी चक्क हसले.

अंगठा, ९० सेकंद: इथे गंमत. जास्त वेळ म्हणजे जास्त स्वच्छ असं धरून चालले होते. प्रत्यक्षात कापूस वरून वाळला होता, पातळ झालेलं नेलपेंट पुन्हा घट्ट होऊन कापसाचे तंतू त्यात रुतले होते. अंगठ्याला लाल दाढी आली. ती काढायला बाकीच्या चार बोटांपेक्षा जास्त वेळ गेला.

त्यामुळे नुसतं थांबून भागत नाही, थांबेपर्यंत कापूस ओला राहायला हवा. सुटा कापूस बंद. कापसाच्या चपट्या गोल पॅडचे कात्रीने चार तुकडे केले. एक तुकडा एका नखाला बरोबर पुरतो, तंतू सुटत नाहीत आणि बोटाच्या कातडीवर रिमूव्हर उगाच पसरत नाही.

एक कबुली: हे नेलपेंट दोनच दिवसांचं होतं. जुन्यावर पुन्हा मोजायला हवं.

६ जून

फजिती. किती रिमूव्हर लागतो हे कळावं म्हणून पहिल्या दिवसापासून बाटलीवर परमनंट मार्करने रेघा मारत होते. आज बघते तर दोन्ही रेघा गायब. बाटली तिरकी करताना थेंब बाहेरून ओघळले आणि मार्करची शाई घेऊन गेले. परमनंट मार्करची शाई अल्कोहोलने निघते हे मला माहीत होतं. माहीत असणं आणि वेळेवर आठवणं यांत अंतर असतं. वर ‘तिसरा हिस्सा’ लिहिलंय तो म्हणून नुसता अंदाज आहे. आजपासून चमचा.

८ जून

आजची चूक सगळ्यात महागाची.

तुकडे बुडवायला सोपं जावं म्हणून दोन चमचे रिमूव्हर हाताशी पडलेल्या थर्माकोलच्या पेल्यात ओतला. माझ्या डोक्यात गणित असं: प्लॅस्टिक विरघळवतं ते ॲसिटोन, आणि यात ॲसिटोन नाही. पेला आधी चिकट झाला, मग बुडाशी खड्डा पडला, मग बूडच राहिलं नाही. दहाच्या दहा मिली टेबलावर. मी फडक्याने पटकन पुसलं आणि त्या पुसण्यानेच टेबलाच्या पॉलिशचा तळहाताएवढा पट्टा निघून आला. खाली फिकट लाकूड.

थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीन, आणि एथिल ॲसिटेट त्यालाही विरघळवतो. लाकडावरचं लॅकर तर बऱ्याचदा नायट्रोसेल्युलोजचंच असतं, म्हणजे टेबलालाही नेलपेंटच लावलेलं होतं म्हणा. ‘ॲसिटोन-फ्री’चा अर्थ त्यात ॲसिटोन नाही एवढाच. तो निरुपद्रवी आहे असं लेबल कुठेच म्हणत नाही, मीच तसं वाचलं.

तेव्हापासून काचेची वाटी, खाली स्टीलचं ताट, ताटाखाली जुना सुती टॉवेल. चष्मा शेजारच्या स्टुलावर, कारण फ्रेम सेल्युलोज ॲसिटेट या प्लॅस्टिकची असेल तर एका थेंबाने डाग पडतो. फोनही लांब. स्टॉपवॉच सुरू करताना ओल्या बोटाने कव्हरवर ठसा उमटवून झालाय, तो आता निघत नाही.

सांडलं तर पुसायचं नाही, टिपायचं. फडकं वरून दाबायचं आणि उचलायचं. टेबलाच्या बाबतीत हे उशिरा सुचलं.

१४ जून

आता नऊ दिवस टिकवलेलं नेलपेंट. उजव्या हाताला लाल, डाव्या हाताला चमकी, दोन्ही ५ तारखेच्या मोजणीनंतर लगेच लावलेली. डावी बोटं रंगवली तेव्हा काढायचा विचार केला नव्हता, हे उघड आहे.

लाल: ६० सेकंदांत पूर्ण निघालं नाही. ७५ ते ८० लागले आणि कडांसाठी तुकड्याची दुसरी बाजू. वय वाढलं की नेलपेंट जरा हटवादी होतं, पण फार नाही. फरक टॉप कोटच्या जाडीचाही असेल.

चमकी: ८० सेकंदांनी काहीच नाही. २ मिनिटांनी वरचा थर मऊ, चमकी जागच्या जागी. चमकी म्हणजे बहुतेक वेळा पॉलिएस्टरचे बारीक तुकडे, ते रिमूव्हरमध्ये विरघळत नाहीत. विरघळतं ते त्यांना धरून ठेवणारं नेलपेंट, आणि त्याच्यावर चमकीचंच छप्पर. द्रावक आत शिरायलाच वेळ लागतो.

मग मी तो शहाणपणा केला जो करू नये. टॉप कोट फोडला तर रिमूव्हर लवकर आत जाईल म्हणून जाड कानस घेतली. तर्जनीवर चार फेऱ्या. टॉप कोट फुटला, चमकी निघाली आणि मधोमध नखही खरवडलं गेलं. नंतर तिथे बोट फिरवलं की खरखरीत लागत होतं. नखं वाचवायला निघालेली मी, ॲसिटोनने पाच वर्षांत केलं नसेल ते चार फेऱ्यांत केलं.

बाकीच्या चार बोटांना फॉइल. भिजलेला तुकडा नखावर, त्यावर फॉइलची पट्टी बोटाभोवती घट्ट, म्हणजे रिमूव्हर उडून जात नाही. ५ मिनिटांनी एक उघडून पाहिलं: अर्धवट. १० मिनिटांनी दुसरं: बरं. उरलेली दोन १५ मिनिटांनी उघडली आणि फॉइल काढताना नख दाबून ओढलं, तर चमकीसकट सगळं एका गठ्ठ्यात आलं. उरलेले चार-पाच ठिपके लाकडी काडीच्या चपट्या टोकाने अलगद ढकलले. नखाने नख खरवडायचा मोह होतो, तो आवरावा.

१५ मिनिटं एक हात फॉइलमध्ये म्हणजे एका हाताने जगणं. फोन वाजला, दाराची घंटाही वाजली. दोन्ही हातांना एकदम फॉइल लावायचा विचारही करू नका.

१५ जून

काल रात्री जेवताना पहिलाच घास कडूजहर लागला. पदार्थात दोष नव्हता, बोटांत होता. लहान मुलांनी तोंडात घालू नये म्हणून काही रिमूव्हरमध्ये मुद्दाम अतिशय कडू पदार्थ मिसळतात. नुसत्या पाण्याने तो जात नाही. साबणाने दोनदा, नखांच्या खालूनही, आणि मगच जेवायला बसावं.

२१ जून

कातडीचा प्रश्न राहिला होता. नखांच्या बाजूची कातडी कोरडी पडून तिचे टोकदार तुकडे उभे राहात होते. लाल रंग कातडीच्या घड्यांत मुरायचा तो वेगळाच.

उपाय म्हणून रिमूव्हरच्या आधी बोटांच्या टोकांना पेट्रोलियम जेली चोपडली. भरभरून, नखांसकट. मग भिजलेला तुकडा ठेवला, ८० सेकंद थांबले, आणि नेलपेंट ढिम्म हललं नाही. हलेल कसं? नखाला मीच रेनकोट घातला होता. टिशूने जेली पुसून पुन्हा सुरुवात केली, २० मिनिटं फुकट.

दुसऱ्या हाताला कापसाच्या काडीने जेली फक्त कातडीवर, नखाच्या तिन्ही बाजूंनी पातळ रेघ. हे जमलं. रंग कातडीला धरला नाही, शेवटी टिशूने पुसला की जेलीसकट निघून आला. एका हाताला दीड मिनिट जास्त लागतं. या एका गोष्टीसाठी मी तेवढं खर्चायला तयार आहे.

२३ जून

२१ ला साफ केलेल्या नखांना त्याच रात्री नवीन रंग लावला होता. आज भांडी घासताना अनामिकेचं नेलपेंट अख्खंच्या अख्खं, टोपीसारखं निघून आलं. संध्याकाळपर्यंत आणखी तीन.

कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. रिमूव्हरमधलं ग्लिसरीन उडून जात नाही, नखावर त्याचा हात राहतो. त्यावर जेलीचा अंश. नेलपेंट नखाला चिकटलंच नव्हतं, त्या थरावर तरंगत होतं. ॲसिटोननंतर नख रखरखीत कोरडं व्हायचं, म्हणून आधी हा प्रश्न कधी आला नाही.

आता क्रम असा: रिमूव्हर, साबण-पाणी, कोरडं पुसून पंधरा-वीस मिनिटं तसंच ठेवणं, रंग लावायचा असेल तर त्याआधी अल्कोहोलचा एक हलका हात. नखाला तेल चोळायचं असेल तर ज्या दिवशी रंग लावायचा नाही त्या दिवशी.

२८ जून

आठवड्याभरापूर्वी बहिणीचा फोन आला होता: "ताई, रिमूव्हर संपलाय, घरात दुसरं काही चालेल का?" चालेल की नाही ते करूनच बघायचं ठरवलं.

आधी पांढऱ्या टाइलच्या तुकड्यावर लाल नेलपेंटचे सहा पट्टे ओढून आठवडाभर वाळवून ठेवले होते. तयारी चांगली, निकाल निरुपयोगी: टाइल इतकी गुळगुळीत की ओल्या फडक्याने कडेला धरून ओढलं तरी पट्टा उचलून येत होता. मग प्लॅस्टिकची खोटी नखं आणली, त्यांवर रंग लावला. तुलनेसाठी पहिल्या नखावर रिमूव्हरच ठेवला. रंग गेला आणि खोटं नखही चिकट, ओबडधोबड झालं. ८ तारखेचा पेला आठवला. खोटी नखं बऱ्याचदा एबीएस प्लॅस्टिकची असतात, आणि त्यालाही एथिल ॲसिटेट सोडत नाही. शेवटी स्वतःचीच नखं पुढे केली.

टूथपेस्ट: जुन्या ब्रशने २ मिनिटं घासलं. चमक गेली, रंग जागेवर. तो विरघळत नाही, खरडला जातो. बाद.

व्हिनेगर आणि लिंबाचा रस: १० मिनिटं बोटं बुडवून बसले. नेलपेंटला काही झालं नाही, बाजूची सोलवटलेली कातडी मात्र झोंबली.

सॅनिटायझर: अल्कोहोलमुळे वरचा थर चिकट होतो, खूप वेळा लावून पुसलं तर फिकट होतो. ६ मिनिटांत एक नख, तेही अर्धंमुर्धं. अडीअडचणीला.

परफ्यूम: सॅनिटायझरपेक्षा काडीभर बरा, पण दुसऱ्या दिवसापर्यंत मी चालती-बोलती अत्तराची कुपी.

नवीन नेलपेंट: जुन्या रंगावर नव्या नेलपेंटचा जाड हात द्यायचा आणि वाळायच्या आत, पाच-सात सेकंदांत पुसायचं. त्यातलं ओलं द्रावक खालच्या थराला पातळ करतं. दोनदा केलं की नख जवळजवळ साफ. पसारा भयंकर होतो, पण सहांमध्ये चाललं ते हेच. रंगहीन टॉप कोट वापरला तर पसारा कमी. बहिणीला हेच कळवलं. तिचं उत्तर: "म्हणजे नेलपेंट काढायला नेलपेंट?" हो.

५ जुलै

बहीण आली, सोबत जेल पॉलिश लावलेली दहा नखं. "आपल्या रिमूव्हरने काढ ना." मी आत्मविश्वासाने फॉइल बांधलं. १५ मिनिटं, काही नाही. ३० मिनिटं, काही नाही. पाऊण तासाने टॉप कोट किंचित निस्तेज. २० मिली रिमूव्हर आणि एक संध्याकाळ गेली.

जेल साध्या नेलपेंटसारखं वाळत नाही. यूव्ही दिव्याखाली त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जाऊन जाळं तयार होतं, ते पुन्हा पातळ होत नाही. ॲसिटोनदेखील त्याला विरघळवत नाही, फुगवून सैल करतं, आणि आमच्या मवाळ द्रावकात तेवढा दम नाही. तिला सांगितलं, जिथे लावलंस तिथेच काढून घे.

तोवर तिने मी पाणी आणायला उठले तेवढ्यात अंगठ्यावरचं कडेला उचकटलेलं जेल धरून सोललं होतं. जेलबरोबर नखाचा वरचा पापुद्राही आला. आता तो अंगठा गरम पाण्यात घातला तरी झोंबतो. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. मुळापासून टोकापर्यंत नवं यायला सहा महिने तरी धरावेत. तोपर्यंत नख आखूड ठेवायचं, दुसरा उपाय नाही.

१२ जुलै

आईच्या पायाची बोटं. तिने कधीतरी हौसेने जांभळा रंग लावला होता आणि मग तो तसाच राहिला, म्हणजे दोन महिने तरी.

न्हाणीघरात दार लावून खाली बसले, तिचा पाय मांडीवर. ॲसिटोनचा उग्र दर्प नाही, फळासारखा गोडसर वास आहे, म्हणून निर्धास्त होते. दहाव्या मिनिटाला माझंच डोकं जड झालं. आई स्टुलावर उंच बसली होती, तिला तितकं जाणवलं नाही. याची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचते, आणि मी नेमकी तिथेच नाक घेऊन बसले होते. उठून बाहेरच्या खोलीत गेलो, खिडकी उघडली, मी खुर्चीवर आणि आईचा पाय समोरच्या स्टुलावर. खोकला आला नाही. हे आजच्या नोंदीत ठळक लिहायला हवं, कारण सगळा खटाटोप त्यासाठीच होता.

दुसरी गोष्ट, जी थोडक्यात निभावली. रिमूव्हर कोमट असेल तर लवकर काम करेल म्हणून बाटली गरम पाण्याच्या भांड्यात ठेवली होती. झाकण फिरवलं तर आतून फवारा आला, थोडा मनगटावर, थोडा टॉवेलवर. तेव्हा बाटलीवरचं ज्वाळेचं चित्र पहिल्यांदा नीट पाहिलं. शुद्ध एथिल ॲसिटेटची वाफ उणे ४ अंश सेल्सिअसलाही ठिणगीने पेट घेऊ शकते. म्हणजे घरातल्या कुठल्याही तापमानाला. भांडं गॅसवर तापवून शेगडी बंद केली होती, हे नशीब. बाटली पुन्हा गरम करणार नाही. हात गार असतील तर हातच कोमट पाण्यात धरून नीट कोरडे करायचे, त्याने तेवढंच काम होतं.

वापरलेले तुकडे खोलीतल्या कचऱ्याच्या डब्यात टाकले तर रात्रभर वास येतो. आता आधी गॅलरीत उघड्यावर सुकवते आणि मग टाकते.

जांभळा रंग: प्रत्येक नखाला २ मिनिटं, अंगठ्यांना फॉइलमध्ये ८. रंगाखाली नखांवर पांढरट, खडूसारखे ठिपके निघाले. आई घाबरली. नेलपेंट फार दिवस ठेवलं की नखाचा वरचा थर असा कोरडा भुरभुरीत होतो. काही आठवडे रंग न लावता ठेवायचं ठरलं. तरी गेलं नाही, किंवा नख जाड व्हायला लागलं, तर डॉक्टरांना दाखवायचं.

१३ जुलै

माझ्या नखांवर पिवळट छटा राहिली आहे. आधी वाटलं लाल नेलपेंट नीट निघालं नाही, म्हणून आणखी दोनदा रिमूव्हर लावला. फरक शून्य. रंगद्रव्य नखातच मुरलंय, ते रिमूव्हरचं काम नाही. बेस कोट लावला नव्हता, त्याची ही किंमत. नख वाढून पुढे जाईल तेव्हाच जाईल.

२० जुलै

आज घड्याळ लावून पूर्ण फेरी. लाल रंग, सात दिवसांचा, या वेळी खाली बेस कोट.

खिडकी उघडी. जेलीची रेघ ३ मिनिटं. अडीच पॅडचे दहा तुकडे, काचेच्या वाटीत ५ मिली. डाव्या हाताच्या पाचही नखांवर तुकडे ठेवून वरून उजव्या हाताची बोटं दाबून धरली. एकेका बोटाला थांबत बसण्यापेक्षा हे बरं, हे इतक्या उशिरा का सुचलं कोण जाणे. ७५ सेकंद, एक ओढ, तुकडा उलटून कडा. मग उजवा हात. कोपऱ्यांसाठी लाकडी काडीच्या टोकाला कापसाची चिमूट गुंडाळून, आणखी ३ मिली. साबण दोनदा.

एकूण १४ मिनिटं, ८ मिली. १ जूनच्या ४१ मिनिटांपुढे ठीक. ॲसिटोनला चारेक मिनिटं लागायची, तेवढं लवकर हे कधीच होणार नाही.

नखांची टोकं अजून सुटतात, पण नव्याने वाढलेला मुळाकडचा भाग गुळगुळीत आहे. तर्जनीवरचा कानशीचा खरखरीत पट्टा वर सरकत सरकत मधोमधाच्या पुढे गेलाय. उजव्या करंगळीचा आतला कोपरा मात्र मला अजून साधलेला नाही, दर वेळी तिथे एक लाल टिंब उरतं. टेबलाच्या फिकट पट्ट्यावर आईने वर्तमानपत्र ठेवलंय आणि रोज त्याची घडी बदलते. बहिणीचा अंगठा बरा आहे. ती पुढच्या रविवारी येतेय, चमकी लावून.